वाचनपाठाचे टाचण: छात्राध्यापकांना नेमके काय आणि कोणत्या क्रमाने शिकवावे?

शिरोरेखा (धागालेखक)

प्राथमिक वर्गांवर सरावपाठ घेणारे छात्राध्यापक (शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणारे) आणि त्यांना भाषा-अध्यापन शिकवणारे, दोघांसाठी हा धागा उघडते आहे.

वाचनपाठाची टाचणे, म्हणजे पाठाचे लेखी आराखडे, तपासताना एक गोष्ट फार खटकते. तक्ते असतात, बाहुल्या असतात, बडबडगीत असते, प्रस्तावनेचे पाच-सहा प्रश्न असतात. मूल प्रत्यक्ष मजकुरावर नजर ठेवून वाचते ती मिनिटे मोजायला गेले तर मात्र पाच-सातच्या वर जात नाहीत. पाठ आनंददायी करायचा म्हणजे वाचनाच्या आजूबाजूला गंमत उभी करायची, असा अर्थ रूढ झाला आहे. गंमत मजकुरातच सापडावी, असे टाचण लिहायला कसे शिकवायचे, हा मूळ प्रश्न.

विचारायचे मुद्दे असे: टाचणाची सुरुवात कुठून करायला लावावी? आदर्श वाचन (शिक्षकाने वाचून दाखवणे) आधी की मुलांचे वाचन आधी? एकाच वर्गात तीन पातळ्यांची मुले असतात त्यांचे काय करायचे? आणि सरावपाठानंतर प्रत्याभरण (पाठ पाहून दिलेला अभिप्राय) कशावर द्यायचे?

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून दुसरी इयत्तेच्या पातळीचा एक छोटा उतारा देते. १२ वाक्ये, ५६ शब्द. सगळ्यांनी शक्यतो यावरच बोलावे.

"पाऊस थांबला. अंगणात मोठे डबके साचले होते. मीनू होडी घेऊन धावत आली. होडी कागदाची होती. तिने ती हळूच पाण्यात सोडली. होडी थोडी पुढे गेली आणि एका बाजूला कलली. मीनूने एक छोटा खडा उचलला. तिने तो होडीत ठेवला, पण दुसऱ्या बाजूला. होडी सरळ झाली. मीनूने होडीकडे नीट पाहिले. कागद खालून ओला झाला होता. ती घाईने आत पळाली."

टाचणवही – प्रतिसाद १

उतारा दिलात हे फार बरे केले. छात्राध्यापकाच्या हातात सर्वांत आधी टाचणवही द्यायचीच नाही. उतारा द्यायचा आणि पेन्सिल द्यायची. त्याने तो तीनदा वाचायचा, दर वेळी वेगळ्या कामासाठी.

पहिल्या वाचनात फक्त स्वतःच्या मनात काय घडते ते समासात लिहायचे. 'कलली' पाशी मन थबकते का? 'पण दुसऱ्या बाजूला' वाचताना क्षणभर होडी डोळ्यांसमोर आणावी लागते का? शेवटचे वाक्य वाचून मनात प्रश्न उरतो का? जिथे मोठ्या माणसाचेही मन काम करते, तिथेच वर्गात थांबायचे आहे.

दुसऱ्या वाचनात, लेखकाने जे सांगितलेलेच नाही त्यावर खुणा करायच्या. या उताऱ्यात अशा तीन जागा आहेत. खडा दुसऱ्याच बाजूला का ठेवला, हे लिहिलेले नाही. पाण्याने कागद भिजला की होडी टिकत नाही, हे लिहिलेले नाही. मीनू आत का पळाली, हेही नाही. या तीन रिकाम्या जागा म्हणजेच पाठाचा गाभा. ज्या उताऱ्यात अशी एकही जागा सापडत नाही, तो आकलनाच्या पाठासाठी निवडू नये. ओघवत्या वाचनाच्या सरावाला चालेल.

तिसरे वाचन मुलाच्या डोळ्यांनी. अडणारे शब्द (साचले, कलली, दुसऱ्या), आणि अडणारी सर्वनामे. 'तिने ती हळूच पाण्यात सोडली' यात तिने कोण आणि ती कोण? दोन वाक्यांनंतर 'तिने तो होडीत ठेवला' येते, तिथे तो म्हणजे खडा हे मागे जाऊन जोडावे लागते. मोठ्यांना ही अडचण दिसतच नाही, म्हणून टाचणात ती कधी येत नाही. मुलाचे आकलन नेमके इथे तुटते आणि आपण समजतो की त्याचे लक्ष नव्हते.

एवढे झाल्यावर उद्दिष्ट लिहायचे, तेही एकच. 'विद्यार्थ्यांना उताऱ्याचे आकलन होते' हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते झाले की नाही हे कोणालाही तपासता येत नाही. 'मीनू आत का पळाली याचे कारण सांगतो आणि ज्या वाक्यावरून ते कळले त्यावर बोट ठेवतो' असे लिहिले की पाठाच्या शेवटी मोजता येते: ३० पैकी किती मुलांनी बरोबर वाक्यावर बोट ठेवले.

३५ मिनिटांची वाटणी साधारण अशी: प्रस्तावना ३, शब्द ३, थांब्यांसह पहिले वाचन १०, पुराव्यासाठी दुसरे वाचन ७, जोडीने तिसरे वाचन ६, लेखन किंवा चित्र ६. पहिल्यांदा टाचण करणाऱ्याने घड्याळाचे आकडे समासात लिहावेतच: ११:०३, ११:०६, ११:१६. प्रस्तावना लांबली की कापले जाते ते नेहमी दुसरे वाचन, आणि सगळ्यात मोलाचे तेच असते.

टाचणवही – प्रतिसाद २

एक राहिले. टाचणात 'अध्यापक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी उत्तरे देतात' ही दोन वाक्ये लिहायला पूर्ण बंदी घालावी. त्याऐवजी मुलाचे अपेक्षित उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहायचे, शिवाय दोन संभाव्य चुकीची किंवा अर्धवट उत्तरे आणि त्यावर पुढची चाल.

नमुना. प्रश्न: "खडा दुसऱ्या बाजूला का ठेवला?"
अपेक्षित: "एक बाजू खाली गेली होती ना, मग दुसरी बाजू जड केली."
संभाव्य अर्धवट: "होडी बुडू नये म्हणून." पुढची चाल: "बरोबर, बुडू नये म्हणून. मग त्याच बाजूला ठेवला असता तर काय झाले असते?"
संभाव्य भरकटलेले: "तिला खडा आवडला म्हणून." पुढची चाल: "खडा ठेवण्याआधी होडीचे काय झाले होते? ते वाक्य शोधा आणि मोठ्याने वाचा." इथे 'चूक' म्हणून पुढच्या मुलाकडे जायचे नाही, त्याच मुलाला मजकुरात परत पाठवायचे.

या एका रकान्यावर जेवढा वेळ द्याल तेवढा कमी. एका टाचणात असे तीन प्रश्न पुरे. दहा प्रश्न लिहिले की एकाचाही पाठपुरावा होत नाही.

नवा_खडू – प्रतिसाद ३

टाचणवही सर, प्रस्तावनेबद्दल एक शंका. पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न विचारा असे सांगितले जाते. या उताऱ्याला "पाऊस कोणाकोणाला आवडतो?", "तुम्ही पावसात काय काय करता?" असे प्रश्न योग्य ठरतील का? मुले भरभरून बोलतात, वर्ग जिवंत वाटतो.

टाचणवही – प्रतिसाद ४

मुले बोलतात हे खरे, पण त्या बोलण्यातून उतारा वाचायला काही मदत होते का, हे विचारून बघा. उतारा पावसाबद्दल नाहीच. तो तोल आणि भिजणारा कागद यांच्याबद्दल आहे. पावसावर आठ मिनिटे गेली तर मुले पुढचे वाक्य वाचतानाही पावसातच अडकलेली असतात.

पूर्वज्ञान महत्त्वाचे आहे, याबद्दल वादच नाही. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा बेसबॉलवरील अभ्यास प्रसिद्ध आहे: वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा त्या खेळावरचा उतारा अधिक चांगला समजली. म्हणून प्रस्तावनेत विचारायचे ते हेच: हा उतारा समजायला कोणती एक गोष्ट ठाऊक असावी लागते? इथे ती आहे, हलकी तरंगणारी वस्तू कलते म्हणजे काय होते. तळहातावर वही आडवी धरा, एक बाजू हळूहळू खाली झुकवा आणि म्हणा, "वही कलली." मुलांना त्यांच्या वह्या कलवायला सांगा. दीड मिनिटात शब्दही झाला आणि कल्पनाही झाली.

काय सांगायचे नाही, हेही टाचणात लिहा. पाण्याचे भांडे आणून कागदी होडीत खडा ठेवून दाखवला तर प्रयोग छान होईल, पण वाचण्यासारखे काही उरणार नाही. पाठातले कोडे प्रस्तावनेत सोडवून टाकणे ही अतिशय नेहमीची चूक आहे. ते भांडे पाठाच्या शेवटी आणा, मुलांनी आपले उत्तर सांगितल्यानंतर, पडताळ्यासाठी.

पानोपानी – प्रतिसाद ५

आदर्श वाचनाबद्दल लिहिते. ठरावीक साच्यात आदर्श वाचन, मग अनुकरण वाचन, मग मूकवाचन असा क्रम असतो आणि तो प्रत्येक इयत्तेला, प्रत्येक उताऱ्याला सरसकट लावला जातो. शिक्षकाने आधी वाचून दाखवले की दुसरी-तिसरीची हुशार मुले कानाने ऐकलेलेच परत म्हणतात. ती वाचतात असे वाटते, पण काही जणांची नजर पुस्तकावर नसतेही.

निर्णय असा करावा. उताऱ्यातले दर १० शब्दांपैकी एकापेक्षा जास्त शब्द बहुतेक मुलांना अडत असतील तर शिक्षकाने आधी वाचावे, मुलांनी ओळीखाली बोट फिरवत ऐकावे. त्याहून कमी अडत असतील तर मुलांना आधी वाचू द्यावे, एक प्रश्न हातात देऊन: "होडीला काय अडचण आली ते शोधा. सहाव्या वाक्यापर्यंतच वाचा आणि बोट तिथेच ठेवून थांबा." पहिली-दुसरीत मूकवाचन म्हणजे पुटपुटणेच असते. त्यांना गप्प करू नये, ओठ हलणे हा टप्पा आहे.

मग शिक्षकाचे वाचन कुठे? दुसऱ्या वाचनात, आणि नुसता आवाज ऐकवण्यापुरते तर अजिबात नाही. मनात चाललेला विचार उघड बोलून दाखवायचा. हे तयारीशिवाय जमत नाही, म्हणून शब्दशः लिहून आणायला लावा. उदाहरण: "'तिने तो होडीत ठेवला.' तो म्हणजे कोण? मागच्या वाक्यात जाते... 'खडा उचलला'. हां, तो म्हणजे खडा. 'पण दुसऱ्या बाजूला.' हे 'पण' इथे का आले? म्हणजे ज्या बाजूला होडी कलली होती त्या बाजूला नाही." इतकेच, २०-२५ सेकंद. दोन जागी करा, तिसरी जागा मुलांसाठी सोडा. पिअर्सन आणि गॅलाघर यांनी १९८३ मध्ये जबाबदारी हळूहळू मुलाकडे सोपवण्याची जी कल्पना मांडली, ती टाचणात अशी उतरते: पहिली जागा शिक्षकाची, दुसरी सगळ्यांनी मिळून, तिसरी मुलाची एकट्याची.

छात्राध्यापक इथे हमखास एक चूक करतात. विचार बोलून दाखवण्याऐवजी स्पष्टीकरण देतात: "मुलांनो, इथे तो हे सर्वनाम खडा या नामाऐवजी आले आहे." त्यातून व्याकरण कळेल, पण वाचणारे मन कसे चालते ते दिसणार नाही. वाक्य 'मी'ने सुरू होते का, 'मुलांनो'ने, एवढे तपासले तरी फरक कळतो.

वाचून दाखवण्याच्या तालमीबद्दल थोडे. उताऱ्यावर तीनच खुणा पुरतात: थांबण्यासाठी उभी रेघ, आवाज हळू करण्यासाठी शब्दाखाली टिंबे, मुलांकडे पाहण्यासाठी छोटे वर्तुळ. 'हळूच' हळू, 'घाईने आत पळाली' जरा भरभर. तेवढे पुरे. नाट्यवाचनाइतका आवाज चढवला की मुले शिक्षकाकडे बघतात आणि पान विसरतात.

काना_मात्रा – प्रतिसाद ६

वरचे सगळे पटते, पण धाग्यात एक मोठी पोकळी राहते आहे. अक्षरेच फुटत नसलेल्या मुलाला 'पुरावा शोधा' म्हणून काय उपयोग? गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये सांगितलेले सूत्र प्रत्येक छात्राध्यापकाच्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर असावे: वाचन म्हणजे लिपी उलगडणे गुणिले ऐकून समजणे. गुणाकार आहे, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

म्हणून टाचणापूर्वी एक काम सक्तीचे करावे: निदान चार मुलांची वाचन-नोंद घेणे. पद्धत मेरी क्ले यांची, कागद-पेन्सिलवर होणारी. मूल वाचते, शिक्षक शब्दागणिक खूण करतो. बरोबर शब्दाला टिक, चुकला तर काय वाचले ते वर आणि मूळ शब्द खाली. स्वतःहून दुरुस्त केले तर चूक धरायची नाही. ९५ टक्के आणि वर म्हणजे मजकूर सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवण्याजोगा, ९० च्या खाली म्हणजे अवघड.

या उताऱ्यावर एका मुलाची अशी नोंद मिळाली असे समजा:

थांबला – 'थाबला'
डबके – 'डबा'
कलली – 'कळली'
दुसऱ्या – 'दुसरा'
खालून – 'खाली'

५६ पैकी ५ चुका, म्हणजे ९१ टक्के. आकडा सांगतो की मजकूर शिकवण्याजोगा आहे. पण खरी माहिती आकड्यात नाही, चुकांच्या जातीत आहे. 'थाबला' मध्ये अनुस्वार सुटला. 'डबा' मध्ये पहिली दोन अक्षरे पाहून बाकीचा अंदाज केला. 'दुसरा' मध्ये ऱ्य हे जोडाक्षर फुटलेच नाही आणि 'दुसरा बाजूला' हे कानाला खटकूनही मूल थांबले नाही. 'खाली' ही सगळ्यांत कमी काळजीची चूक, कारण 'कागद खाली ओला झाला होता' याला अर्थ लागतो. सर्वांत काळजीची 'कळली'. 'होडी एका बाजूला कळली' याला काहीच अर्थ नाही, तरी मूल पुढे गेले. ल आणि ळ यांचा गोंधळ दोन दिवसांत सुटेल. अर्थ तुटला की थांबायचे असते, हे शिकवायला महिना लागेल. पाच चुकांतून तीन वेगवेगळे पाठ निघाले. 'वाचन अस्खलित नाही' असा शेरा लिहिला असता तर यातले काहीच हाती लागले नसते.

देवनागरीच्या काही जागा छात्राध्यापकांना आधीच ठाऊक असाव्यात. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, उच्चारताना नंतर. र चे चार अवतार आहेत: सर्व, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. गंगा, पंख, अंडे, थांबला एकेक म्हणून पाहा. च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही: चार मधला च वेगळा, चारा मधला वेगळा. मूल इथे चुकले तर ते निष्काळजी नसते, लिपीनेच त्याला मदत केलेली नसते.

पूर्ण वर्णमाला, मग पूर्ण बाराखडी, मग शब्द हा क्रमही सोडावा. थोडी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे एकत्र घेतली की लगेच वाचायला मिळते. क, न, म, ल, र आणि काना एवढ्यावर काम, कान, नाक, मला, लाल, कमाल, मालक होतात. दुसरी वेलांटी घेतली की 'मी काम करीन' हे पूर्ण वाक्य मूल स्वतः वाचते. पहिल्या पंधरवड्यात पूर्ण वाक्य वाचल्याचा जो आनंद मुलाच्या चेहऱ्यावर येतो, त्यासाठी वेगळा तक्ता लागत नाही.

नवा_खडू – प्रतिसाद ७

काना_मात्रा, म्हणजे एकाच वर्गात अक्षरे न फुटणारी मुले आणि सरळ वाचणारी मुले असतील तर दोन वेगळी टाचणे करायची का?

काना_मात्रा – प्रतिसाद ८

वेळा दोन, टाचण एकच. अक्षरे न फुटणाऱ्यांना रोज १५ मिनिटे वेगळा लिपीचा सराव, ५-६ जणांच्या गटात. मुख्य पाठात मात्र तीही बसणार, उतारा तोच. आधार वेगळा: पहिल्या गटाला शिक्षक वाचून दाखवतो आणि मुले बोट फिरवतात, दुसरा गट जोडीने वाचतो, तिसरा एकट्याने. प्रश्न तिघांना एकच. लिपीत अडलेले मूल अनेकदा 'आत का पळाली' याचे उत्तर सर्वांत आधी देते, आणि ते सगळ्या वर्गाने ऐकणे फार गरजेचे असते. त्याला कायम सोपा, बिनअर्थाचा उतारा देत राहिलो तर वाचन म्हणजे अक्षरांशी झटापट, एवढेच त्याच्या मनात बसते.

मागचा_बाक – प्रतिसाद ९

पाठ-निरीक्षणाच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, एकामागून एक उभे करून वाचायला लावणे बंद करावे. हिशेब सरळ आहे: ४० मुले, २० मिनिटे, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट. उरलेली साडेएकोणीस मिनिटे मूल आपला परिच्छेद कोणता येणार ते पुढे मोजत बसते, आणि अडखळणारे मूल सगळ्यांसमोर लाजते. त्याजागी जोडीवाचन. जोड्या लावायची सोपी रीत: ३० मुलांची वाचनगतीनुसार यादी करा, १ ला १६, २ ला १७, ३ ला १८ अशा जोड्या लावा. पहिला आणि तिसावा एकत्र आले की पहिलाच सगळे वाचून टाकतो. या रीतीने अंतर सगळ्या जोड्यांत सारखे राहते. एक वाक्य एकाने, पुढचे दुसऱ्याने. जोडीदार अडला तर मनात तीन मोजायचे, मगच सांगायचे. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली ती अशाच छोट्या उताऱ्यांसाठी. ५६ शब्दांचा उतारा तिसऱ्यांदा वाचायला मुले कंटाळत नाहीत, वेग वाढल्याचे त्यांनाच जाणवते.

दुसरी गोष्ट, निरीक्षण-पत्रक. नेहमीच्या पत्रकात आवाज, फलकलेखन, वेशभूषा, शैक्षणिक साहित्य असे सगळे गुण शिक्षकाला दिले जातात आणि मुलाकडे कोणी बघतच नाही. त्याऐवजी हे करून पाहा. निरीक्षण करणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाला तीन मुले नेमून द्या: एक वेगवान, एक मधले, एक अडखळणारे. दर अर्ध्या मिनिटाला तिघांकडे पाहायचे. नजर मजकुरावर असेल तर टिक. ३५ मिनिटांचे ७० रकाने, तीन मुलांचे २१०. समजा ६३ टिका आल्या, तर ३० टक्के, म्हणजे सरासरी साडेदहा मिनिटे वाचन झाले. वाचनपाठात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास यायला हवे असे माझे मत आहे. आणि तिन्ही मुलांच्या ओळी वेगळ्या पाहा. अडखळणाऱ्या मुलाची ओळ बहुधा रिकामीच असते.

यात नवीन काही नाही. डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गातल्या वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे पाहिली गेली. त्यातली आकलन शिकवण्याची मिनिटे होती २०. बाकी वेळ प्रश्न विचारून उत्तरे तपासण्यात आणि कामे देण्यात गेलेला. प्रश्न विचारणे म्हणजे आकलन शिकवणे नव्हे, ते आकलन तपासणे झाले. पानोपानी यांनी लिहिलेले उघड विचार-वाचन हे शिकवणे आहे. छात्राध्यापकांना हा भेद त्यांच्याच टाचणावर दोन रंगांनी खुणा करून दाखवावा.

तिसरी, थांबणे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरे लांब होतात आणि जास्त मुले बोलतात. ३ सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर उभे राहून ते फार लांब वाटतात. मनात 'एक होडी, दोन होडी, तीन होडी' म्हणायला सांगावे. हात वर न करणाऱ्यालाही विचारायचे, पण आधी जोडीत अर्धे मिनिट बोलू द्यायचे, म्हणजे त्याच्याकडे सांगायला काहीतरी असते.

आणि मुलाचे उत्तर शिक्षकाने पुन्हा मोठ्याने म्हणू नये. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की स्वतःला कळत नाही. शिक्षक प्रत्येक उत्तर परत म्हणतो म्हटल्यावर मुले एकमेकांचे ऐकणे सोडून देतात. ऐकू आले नसेल तर त्या मुलालाच परत सांगायला लावावे.

पानोपानी – प्रतिसाद १०

मागचा_बाक, नजर मजकुरावर आहे म्हणजे मूल वाचतेच आहे असे नाही, एवढी पुस्ती जोडते. पुराव्यावर बोट ठेवण्याचे काम त्यासाठीच हवे. टिका भरपूर आणि बोट चुकीच्या वाक्यावर, असे निघाले तर अडचण लिपीची की अर्थाची, हे वाचन-नोंदीकडे जाऊन पाहायचे.

चित्रावरून अंदाज करणे मला उपयोगी वाटते. गोष्टीचे चित्र दाखवून "काय घडेल?" विचारले की मुले वाचायला उत्सुक होतात.

काना_मात्रा – प्रतिसाद ११

गोष्टीचा अंदाज चित्रावरून करायला हरकत नाही. शब्दाचा अंदाज चित्रावरून करायला मात्र कधीही सांगू नये. मूल 'डबके' पाशी अडले आणि शिक्षक म्हणाला, "चित्रात बघ, काय दिसते?" की मूल 'पाणी' म्हणते आणि शिक्षक 'शाबास' म्हणतो. लिपीकडे बघायची गरज नाही, एवढेच ते त्यातून शिकले. अडल्यावर सांगायचे वाक्य ठरलेले असावे: "अक्षरागणिक म्हण, ड-ब-के. आता एकदम म्हण. आता पूर्ण वाक्य परत वाच. जुळतंय?" शेवटचा प्रश्न अर्थ तपासायला, शब्द ओळखायला नाही.

पानोपानी – प्रतिसाद १२

हा भेद मान्य. चित्र असेल तर पहिल्या सहा वाक्यांपुरतेच दाखवावे, हेही जोडते; भिजलेली होडी चित्रातच दिसली तर शेवटचा प्रश्न संपला.

नवा_खडू – प्रतिसाद १३

सगळ्यांकडे पुस्तक नसेल तर? आणि शेवटच्या सहा मिनिटांत काय लिहायला द्यावे?

टाचणवही – प्रतिसाद १४

उतारा फळ्यावर लिहा, पण पाठाआधी. ५६ शब्द वर्गासमोर लिहायला पाच-सहा मिनिटे जातात आणि वर्ग हातातून सुटतो. ओळी क्रमांकित करा, म्हणजे 'बोट ठेवा' ऐवजी 'ओळ क्रमांक पाटीवर लिहा' म्हणता येते. सगळ्यांची उत्तरे एका नजरेत दिसतात. शेवटच्या बाकावरून वाचून पाहिल्याशिवाय फळा तयार झाला असे समजू नये. हाताने लिहिलेल्या प्रती असतील तर दोघांत एक पुरते.

लेखनासाठी एकच वाक्य पूर्ण करायला द्या: "मीनू आत पळाली कारण..." 'कारण' हा शब्द मुलाला विचार पूर्ण करायला भाग पाडतो. लिहिता न येणाऱ्याने ती आत जाऊन काय आणेल त्याचे चित्र काढावे आणि जोडीदाराला कारण सांगावे. पाच ओळींचे गाळलेले शब्द भरा, हे नको. ते उताऱ्यात पाहून अर्थ न समजता भरता येतात.

शिरोरेखा – प्रतिसाद १५

आता प्रशिक्षणाचा क्रम वरच्या प्रतिसादांवरून मांडते. दुरुस्त्या सुचवा.

आधी उताऱ्याची तीन वाचने आणि रिकाम्या जागा शोधणे. किमान पाच वेगवेगळ्या उताऱ्यांवर, टाचण न लिहिता. मग चार मुलांच्या वाचन-नोंदी आणि चुकांच्या जाती. यानंतरच सूक्ष्म अध्यापन, म्हणजे सहाध्यायांसमोर काही मिनिटांचा छोटा सरावपाठ. ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डला १९६३ मध्ये ते सुरू केले तेव्हापासून त्याचा जीव एकाच गोष्टीत आहे: एका वेळी एकच कौशल्य, आणि लगेच दुसरी संधी. आपल्याकडे रूढ असलेले ३६ मिनिटांचे चक्र घ्यावे (अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६), पण कौशल्ये बदलावीत. 'प्रश्नांची ओघवती मांडणी' आणि 'फलकलेखन' यांच्या जागी वाचनपाठाची तीन कौशल्ये: मनातला विचार बोलून दाखवणे, अर्धवट उत्तरावर मुलाला मजकुरात परत पाठवणे, आणि अडलेल्या शब्दापाशी मदत करणे. सहाध्यायी मुलांच्या भूमिकेत बसतात तेव्हा त्यांना ठरवून अर्धवट उत्तरे द्यायला सांगावीत. चिठ्ठीवर लिहूनच द्यावीत. नाहीतर सगळे सुरेख उत्तरे देतात आणि सराव होत नाही.

मग पूर्ण वर्गाआधी ४-५ मुलांचा गट, दोनदा. आणि शेवटी पूर्ण वर्ग. तिथेही दर वेळी नवा पाठ न घेता तोच पाठ दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर घ्यावा. वीस वेगवेगळे पाठ एकदाच घेण्यापेक्षा आठ पाठ दोनदा घेणे मला जास्त मोलाचे वाटते, कारण पहिल्या पाठातले शिकणे दुसऱ्या दिवशी वापरायला मिळते.

मागचा_बाक – प्रतिसाद १६

क्रम योग्य आहे. फक्त प्रत्याभरणाच्या सहा मिनिटांत बोलायला पहिली संधी छात्राध्यापकाला द्यावी आणि प्रश्न ठरलेला असावा: "कोणत्या मुलाच्या कोणत्या उत्तराने तुम्हाला टाचण बदलावेसे वाटले?" 'पाठ छान झाला', 'मुलांनी प्रतिसाद दिला' असे उत्तर आले तर तीन मुलांची टिकांची ओळ समोर ठेवायची आणि तोच प्रश्न परत विचारायचा. नंतर मार्गदर्शकाने एकच सूचना द्यावी, पुनर्अध्यापनात लगेच करता येईल अशी. सात सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही.

नवा_खडू – प्रतिसाद १७

होडीच्या उताऱ्याचे विद्यार्थी कृतीचे रकाने भरले. 'आत का पळाली' याची अर्धवट उत्तरे अशी सुचली: "पाऊस आला म्हणून", "आई ओरडेल म्हणून", "ती भिजली म्हणून". तिन्हींवर एकच चाल चालेल का, "ती पळण्याआधी तिने काय पाहिले? ते वाक्य वाचा"?

टाचणवही – प्रतिसाद १८

पहिल्या दोघांना चालेल. "ती भिजली म्हणून" म्हणणाऱ्या मुलाने मात्र ते वाक्य वाचलेले आहे. त्याला कोण ओले झाले एवढेच कळलेले नाही. त्याला विचारा, "ओले कोण झाले? तो शब्द दाखव." 'कागद' वर बोट गेले की थांबा, पुढचे तो स्वतः सांगेल.